विड्याची ताटली

मिस्तरी,

आज दुपारी धाकट्या मालकांनी तुमची ती पितळेची ताटली माझ्या टेबलावर आणून ठेवली. चिंचेनं घासून लखलखीत केलेली. पुण्याहून एक साहेब आपल्या कापसाच्या जिनात उत्पादकतेवर व्याख्यान द्यायला आले होते. कामगारांत चुरस लावा, चारचौघांत पाठ थोपटा, मग बघा रुई कशी पडते, असं ते फळ्यावर आकृत्या काढून सांगून गेले. उंटावरून शेळ्या हाकायला काय लागतं? धाकट्या मालकांना लगेच तुम्ही आठवलात. "मिस्तरींचा विडा उद्यापासून परत सुरू करा," म्हणाले. उद्या हंगामाचा पहिला दिवस. जाताना त्यांनी भिंतीवरच्या तुमच्या फोटोला हात जोडले. असा माणूस होणे नाही, म्हणे. मला शिसारी आली. ताटली मी फडक्यानं धरून कोपऱ्यात सरकवली.

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण तुम्ही जिवंत होता तेव्हा तरी कोण बोललं? इंजिन मला तुम्हीच शिकवलंत, हे मी नाकारत नाही. नुसत्या आवाजावरून कुठलं बेअरिंग तापलंय ते ओळखायला शिकवलंत. माझ्या पहिल्या हंगामात स्वतःच्या डब्यातली कळण्याची भाकरी मोडून मला दिलीत, तीही मी विसरलो नाही. पण तुमचं नाव निघालं की मला भाकरी आठवत नाही. आठवतो तो चुना लागलेला अंगठा, ओठाच्या कोपऱ्यातून हनुवटीवर आलेला लाल ओघळ, आणि "शाबास रे वाघा!" म्हणत पाठीवर पडणारा तो चिकट हात. सदऱ्यावर डाग उठायचा. माणसं तो डाग मिरवायची. मीही मिरवला.

रोज सकाळी भोंग्यानंतर तुम्ही इंजिनघराच्या ओट्यावर ताटली ठेवायचात, तीत एकच विडा, वर लवंग टोचलेली. मग सगळ्यांकडे नजर फिरवत विचारायचात, "बोला, आज कोन उचलस?" विडा उचलायचा म्हणजे दिवसभर पट्टे सांभाळायचे. सरकी वेगळी करणारे सगळे रेचे एकाच इंजिनावर चालायचे. एखाद्या रेच्याचा पट्टा पुलीवरून घसरला की सरळ मार्ग म्हणजे इंजिन थांबवायचं, पट्टा चढवायचा, पुन्हा चालू करायचं. पण तेवढा वेळ सगळे रेचे उभे राहतात, आणि शहाद्याकडून आलेल्या कापसाच्या गाड्या तर फाटकाबाहेर रांगेत. म्हणून फिरत्या पुलीवरच हातानं पट्टा फेकायचा, ही तुमची मर्दुमकी. तुमची म्हणजे दुसऱ्यानं करायची. माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवावं तर तुम्हीच. एकदा वर चढला की खाली उतरायला त्यालाच लाज वाटायची. कोणी कचरला तर तुम्ही रागवायचा नाहीत, नुसतं हसायचात, आणि मग सगळं जिन त्याच्यावर हसायचं.

नवापूरकडच्या डोंगरातून एक जोडपं दर हंगामाला यायचं. तो पट्ट्यावर, ती रेच्यात कापूस घालायला. तो अबोल. त्याच्यासमोर तुम्ही त्याला वाघ म्हणायचात आणि पाठीमागे काय म्हणायचात ते मला इथं लिहवत नाही. त्या सकाळी त्याला हिवताप होता. अंगावर चादर गुंडाळून तो उन्हात बसला होता, दात वाजत होते. त्या दिवशी कोणीच विडा उचलत नव्हतं. तुम्ही ताटली घेऊन स्वतः त्याच्याकडे गेलात. "तुन्हा बिगर आठे कोन शे रे वाघा?" बायको लांबून मानेनंच नको म्हणत होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं, आपल्या सगळ्यांकडे पाहिलं, आणि विडा तोंडात टाकला.

दुपारी पट्टा घसरला. चादरीचं टोक पट्ट्याबरोबर पुलीत गेलं आणि त्यामागून हात. मी इंजिन बंद केलं तेव्हा उशीर झाला होता. कोपराखाली काही उरलं नव्हतं. त्याला बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं. गाडी फाटकाबाहेर पडली आणि तुम्ही पहिलं वाक्य काय बोललात? "चादर कसाले गुंडाळेल व्हती त्यानी?" मग पिंक टाकलीत. तिथली रुई आधीच लाल झालेली होती.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर ताटली असते. तीत विडा असतो, वर लवंग. मला आधी वाटतं, चुकून ठेवली असेल. तुम्ही विचारता, "बोला, आज कोन उचलस?" कोणी वर बघत नाही. रात्रीचा एक पट्टा घसरलेलाच आहे, तो लोंबतोय, बाकीचे रेचे धडधडतायत. तेवढ्यात फाटकातून त्याची बायको येते. नवऱ्याच्या वहाणा ओट्याखाली राहिल्या होत्या, त्या न्यायला आलीय. वहाणा उचलून ती एका हातात धरते. दुसऱ्या हातानं ताटली उचलते आणि तुमच्या तोंडासमोर धरते. "मिस्तरी, आज तुमी उचला."

तुम्ही हसलात. पण तुमच्याबरोबर कोणी हसलं नाही. ती हटेना. शेवटी तुम्ही विडा घेतलात, लोंबत्या पट्ट्यापर्यंत गेलात, फिरत्या पुलीकडे क्षणभर बघितलंत, आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणालात, "इंजिन बंद कर."

मी बंद केलं. तुम्ही पट्टा चढवलात. मी पुन्हा चालू केलं. किटलीतला चहासुद्धा निवला नव्हता. एवढंच होतं ते! तुमच्या हातासाठी थांबलं, ते इंजिन आदल्या दिवशी त्याच्यासाठीही थांबलं असतं. रेचे फिरायला लागेपर्यंत ती बघत उभी होती. मग वहाणा घेऊन गेली. ती दोघं परत कधी आली नाहीत.

तुमच्या जागी बसल्यावर मी एकच नियम केला. पट्टा घसरलेला दिसला की कोणीही "बंद!" म्हणून ओरडायचं, सरकी झाडणाऱ्या बाईनंसुद्धा, आणि मी इंजिन थांबवायचं. का ओरडलीस, असं तिला कोणी विचारायचं नाही. तेव्हापासून सगळे दहाच्या दहा बोटांनी घरी जातात, आणि रुईही काही कमी पडत नाही. पण ताटली आली की ओरडायला लाज वाटणार. म्हणून संध्याकाळी मी धाकट्या मालकांना ताटली परत केली आणि सांगितलं, विडा ठेवणार नाही. ते म्हणाले, मग सकाळी त्या खुर्चीत दुसरं कोणी बसेल. बसो. पण ज्याला बसवतील त्याला मी फाटकातच गाठून तुमची ही गोष्ट सांगणार आहे.

हा कागद कुठं पाठवायचा नाही. उद्या तेलाचे हात पुसायला होईल. एक मात्र सांगून टाकतो. मालकांना नाही म्हणून मी बाहेर आलो, तेव्हा पाठीवर कोणाचा तरी हात पडावा असं फार वाटलं. मिस्तरी, तो हात तुमचाच होता.