चेटकिणीची बोटं

नोव्हाय,
२ नोव्हेंबर १९८६

सौ. सुचित्राताईंस शैलाचा स. न. वि. वि.

दिवाळीत पत्र लिहिते आहे, पण यंदा फराळ काहीच केला नाही. सगळी ताकद इथल्या अमेरिकन हॅलोविनच्या भुताखेतांत गेली. तुमच्या लेकीची, नीलाची, हॉस्पिटलमधली ड्यूटी छत्तीस-छत्तीस तासांची. माझा श्रीरंग नव्या मोटारीच्या मॉडेलपायी शनिवारीसुद्धा ऑफिसात. त्यामुळे दोन्ही नातवंडं माझ्याकडेच.

शुक्रवारच्या शाळेतल्या पार्टीला उत्तराला घरून भुताटकीचा खाऊ न्यायचा होता. तिने लायब्ररीतून पुस्तक आणलं, त्यात चेटकिणीची बोटं निघाली. बिस्किटाच्या पिठाचा गोळा वळून बोट करायचं, टोकाला बदामाचं नख, मुळाशी लाल जॅम. आठ वर्षांची पोर इंग्रजी वाचून मला मराठीत सांगत होती. साठ वर्षांत मी पहिल्यांदा अंडी फोडली. चार वर्षांच्या प्रतापने वळलेली बोटं इतकी वाकडी झाली, की खरोखर भीती वाटावी.

शेवटचा ट्रे ओव्हनमध्ये होता. कंबर भरून आली म्हणून मी खुर्चीवर टेकले आणि ताई, माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा उत्तरा दंड धरून मला हलवत होती. घरभर धूर, छताला लावलेला धुराचा भोंगा किंचाळत होता. तिने ओव्हन बंद करून, प्रतापला कोट घालून घरासमोरच्या ड्राइव्हवेवर उभं केलं होतं आणि मग माझ्यासाठी परत आत आली होती.

आम्ही खिडक्या उघडून वास घालवला. उत्तरा म्हणाली, "आजी, आय वोन्ट टेल मॉम." मी गप्प राहिले, याची लाज वाटते. तुम्ही जानेवारीत येणार आहात, ते डिसेंबरात जमेल का? माझ्याने आता होत नाही. नीलाला यातलं कळू देऊ नका.

लोभात अंतर नसावं.
शैला

पुणे,
१५ नोव्हेंबर १९८६

सौ. शैलाताईंस सुचित्राचा स. न. वि. वि.

पत्र काल मिळालं. तीनदा वाचलं.

गेल्या हिवाळ्यात मी तिथे होते, तेव्हा प्रतापला कडेवर घेऊन कचरा टाकायला गेले आणि मागे दार लागलं. किल्ली आत. पाऊण तास आम्ही बर्फात उभे होतो, त्याच्या पायांत मोजेसुद्धा नव्हते. शेजारीण कामावरून आली म्हणून निभावलं. हे मी आमच्या घरातही कोणाला सांगितलेलं नाही. तिकीट काढायचा विषय निघाला की मी सबबी सांगते, त्या यामुळे. डिसेंबरात मी येणार नाही. जानेवारीतही नाही.

आणि तुमचं ऐकलं नाही. कालच नीलाला फोन लावून आधी माझं सांगितलं, मग तुमचं. शेवटी पेशंट आहे म्हणाली आणि फोन ठेवला.

माझ्यावर रागवा, पण पत्र बंद करू नका.

तुमची,
सुचित्रा

नोव्हाय,
७ डिसेंबर १९८६

सौ. सुचित्राताईंस शैलाचा स. न. वि. वि.

रागावले होते. आठ दिवस तुमचं नाव घेतलं नाही.

तुमच्या फोननंतर दुसऱ्या दिवशी नीला हॉस्पिटलमधून आली आणि कोटही न काढता माझ्याजवळ बसली. म्हणाली, की तुम्ही दोघी थकताय हे मला दिसत होतं, पण कबूल केलं असतं तर मला ही नोकरी सोडावी लागली असती, म्हणून मी बघायचंच टाळलं. मग रडली. मला तिचा राग आला नाही. श्रीरंगने शनिवारचं ऑफिस बंद केलं आहे. चार घरं सोडून प्रतिमा नावाची बाई घरी मुलं सांभाळते, आता शाळा सुटली की उत्तरा तिथे जाते. प्रताप सकाळपासूनच तिच्याकडे असतो. माझं परतीचं तिकीट वीस तारखेचं आहे.

उत्तरा दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. मॉमला मी नाही सांगितलं, मी नाही सांगितलं, एवढंच म्हणायची. मीच पुण्याच्या आजीला लिहिलं, हे तिला परत परत सांगावं लागलं.

परवा तिच्या टीचरचा फोन आला. मधे महिनाभर उत्तरा कोणाकडे खेळायला जात नव्हती, म्हणे. टीचरने विचारलं तर तिने सांगितलं होतं, की घरी आजीकडे बघायला कोणी नसतं.

आज ती मैत्रिणीकडे गेली आहे. पाचला परत यायचं ठरलं होतं, आता साडेपाच होत आले. नीला गाडीची किल्ली घेऊन निघाली होती. मी म्हटलं, बस थोडा वेळ, खेळू दे तिला.

लोभ आहेच, तो राहू द्या.
शैला