काकींचा घोटभर चहा

मंगळवार, संध्याकाळ

पोटुशी असताना माझी साखर वाढली होती. बाळंतपणानंतर उपाशीपोटी रक्त तपासून घ्या, असं दवाखान्यातून बजावलं होतं. आज त्यासाठीच निघाले, तर वाटेत वाडीतल्या काकींनी खळ्यातून, म्हणजे घरापुढच्या अंगणातून, हाक मारली. बाळाला मांडीवर घेतलं आणि चहा पुढे केला.

"नको काकी, दवाखान्यात जातंय, साखर तपासूक."

"घोटभर घे गो. काय ता साखरेचा सांगतत, तो आजार बसान खाणाऱ्यांका. आमच्या ठाकरवाडीत कोणाक आसा?"

शेजारणी ऐकत होत्या. 'माका आसा', एवढंच म्हणायचं होतं. पण म्हणवलं नाही. लाज कसली वाटली मला? कप रिकामा केला. फार गोड होता.

सिस्टरनी विचारलं, "उपाशी आहात ना?" मी सरळ हो म्हटलं.

साखर जास्त निघाली. सिस्टर म्हणाल्या, "बाळंतपणानंतर पुष्कळ जणी फिरकतच नाहीत. तुम्ही आलात, शहाण्या आहात." मी मान खाली घातली. तेव्हा तरी सांगायचं...

आता ती साखर माझी की चहातली, कुणाला विचारू? पुढच्या आठवड्यात परत उपाशीपोटी बोलावलंय. आणि वाट काकींच्या खळ्यातूनच जाते.