आमच्या डोक्यांची मापं

१९ जून
नाही म्हणाले! तीन कवट्या परत देणार, चौथी नाही.
चौथी म्हणजे बिरेतआत्याचे आजोबा. (नात्याने नाही, ऐंशीपुढची, अख्ख्या गावाची आत्या.) चारही आमच्याच जुन्या चर्चच्या आवारातून उकरून नेल्या, शंभर वर्षांपूर्वी, पाद्र्याच्या परवानगीने. आजोबांचा उघडा खड्डा आत्याच्या आईने लहानपणी डोळ्यांनी पाहिलाय. आम्ही सामी, स्वीडनच्या उत्तरेचे मूळचे रेनडिअरवाले. पण त्यांचा खोका स्वीडिश लोकांच्या कपाटात! युनिव्हर्सिटीच्या म्युझियममधली सेसिलिया फोनवर म्हणाली, "मलाही वाईट वाटतंय गं. पण सामींना फक्त सामी अवशेष देता येतात. पुरावा आणा."
स्वीडिश का? तर म्हणे डोकं अरुंद!!

२० जून
बायोलॉजीचं पहिलं वर्ष झालंय म्हणून सगळे मलाच विचारतायत. मग समजावलं. डोक्याची रुंदी भागिले लांबी, गुणिले शंभर. ऐंशीच्या वर म्हणजे सामी, खाली म्हणजे स्वीडिश. बस्स. यावरून तेव्हा कपाट ठरायचं!
अरे, एका तळ्यातले दोन ट्राउट सारखे नसतात. म्हणून तर मला मोजायला इतकं आवडतं — सरासरी एक, मासा प्रत्येक वेगळा! त्या लोकांनी सरासरी काढली आणि तिचंच कुंपण केलं.
डीएनएचं विचारलं तर आत्या म्हणाली, "आजोबांच्या हाडाला अजून एक भोक पाडायचं नाही."
आयडिया सुचलीय. झोप येत नाहीये.

३ जुलै
रेनडिअरच्या पाडसांच्या कानांवर मालकाच्या खुणा कापायला सगळं गाव डोंगरावर. लॅबमधून कॅलिपर आणलाय — दोन वाकड्या टोकांचा, मोठ्या चिमट्यासारखा. आपल्याच लोकांची डोकी मोजायची. अरुंद निघाली की तो नियम खलास!
आन्तेकाका पहिला बसला. हातात सुरी, तोंडात सुकं मांस. "सकाळपासून आम्ही पाडसांचे कान कापतोय, आता ही आमची डोकी धरणार!" माझा चुलतभाऊ माह्ते म्हणाला, "काकाचं आत रिकामं आहे, ते कसं मोजणार?" काकाने त्याला दोरी फेकून मारली.
काका रुंद. माह्ते अरुंद — स्वीडिशच! सगळे खो खो हसले. मग रांगच लागली.
आत्या मात्र आली नाही. कॅलिपर बघितला आणि उठून तंबूत गेली.

४ जुलै
कॉफी घेऊन गेले. तिच्या आवडीचं चीज टाकून, आमच्याकडे कॉफीत टाकतात तसं. तिने कप घेतलाच नाही.
"तो चिमटा आधी बाहेर ठेवून ये."
ठेवून आले.
"मी आठ वर्षांची होते. शाळेत आली ती माणसं. कपडे काढायला लावले, सगळ्या मुलींना, एका ओळीत. थंडी होती. एकाने असाच चिमटा डोक्याला लावला आणि दुसऱ्याला आकडा ओरडून सांगितला. माझ्याशी कोणी बोललं नाही, पोरी. एक शब्द नाही."
मी सॉरी म्हणाले. मला वाटत होतं मी हुशारी करतेय.

५ जुलै
बाकी लोकांची पण मापं थांबवली. काकाला सांगितलं, नको हे.

६ जुलै
आत्या स्वतःच आली! स्कार्फ सोडून समोर बसली. "मोज."
म्हटलं, आत्या, नको.
"त्यांचं रक्ताचं माणूस मी एकटीच उरलेय. त्यांना तिथे ठेवून मी मरायचं का? मोज. पण बोलत राहा माझ्याशी."
मग मी बोलत राहिले. काहीही — हॉस्टेलचं जेवण, मुलं, पाऊस. केस इतके मऊ, पातळ.
अरुंद! माह्तेपेक्षाही. मग बाकीचेही परत रांगेत आले.

१८ जुलै
तक्ता पाठवला. गावातली निम्मी डोकी स्वीडिश कपाटात जातील अशी! नाव, घराणं, जन्मसाल, सगळं लिहिलं. पुरावा पक्का हवा.

२ ऑगस्ट
काही नाही.

२१ ऑगस्ट
देणार! देणार!! सेसिलियाचा फोन. "तुमच्या तक्त्यापुढे कोणाला बोलायलाच जागा उरली नाही." आत्याने ऐकलं. मग आन्तेकाकाला म्हणाली, "खड्डा खोल खण. या वेळी कोणाला पोचता येऊ नये."

१४ सप्टेंबर
चौघांना पुरलं. आत्याने माती स्वतः लोटली, हाताने.

१५ सप्टेंबर
म्युझियमचं आभाराचं पत्र. गावाची मापं फार दुर्मिळ आहेत, नावांसकट कायमच्या संग्रहात घेतली आहेत, अभ्यासकांना खुली राहतील.
एक माणूस बाहेर काढला आणि अख्खं गाव आत घातलं. मी.
आत्या बाहेर गाणं म्हणतेय. तिला अजून सांगितलं नाहीये.