तुम्ही ऐकलेला दम

बाबा, आज तुमच्याशी बोलायचं आहे ते त्या शनिवारबद्दल. खामगावात कापसाच्या बाजाराला लागून चहाचं हॉटेल होतं, त्याच्या पुढ्यात दोन बाकडी समोरासमोर टाकलेली असायची, आणि शनिवारी तेलमिलची पाळी सुटली की तुम्ही घरी न येता आधी तिथं जाऊन बसायचा. अंगाला सरकीच्या तेलाचा वास, धोतरावर काळे डाग. महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि कबड्डीचे सामने बुलढाण्याला भरणार होते. तिथं जो गडी उठून दिसेल त्याला पुण्याला बोलावणार, अशी हवा होती. आमच्या मंडळात सहा गडी पक्के होते. सातवा कोण, यावर त्या दोन बाकड्यांवर महिनाभर नुसती भांडणं चालली होती.

सातव्या जागेसाठी नावं तीन. एक तुमच्या मिलमालकाचा भाचा, कॉलेजात शिकणारा, लांब टांगेचा. दुसरा भाजीवाल्याचा मुलगा, सायकलला मेथीच्या जुड्या बांधून यायचा. पकड अशी की त्याच्या हातात घोटा सापडला की सुटायचा नाही, पण चालीला जड. आणि तिसरा मी. माझी ठरलेली जागा नव्हतीच. डावा कोपरा रिकामा झाला की मला तिथं लावायचे, उजवा झाला की तिथं, चढाईला कोणी नसलं की चढाईला. शिंपीकाका मला कौतुकानं ठिगळ म्हणायचे. "कुठं बी लावा, बसते," असं सांगताना ते बोटांनी टाका घातल्यासारखं करायचे. पण पळणं माझ्यासारखं त्या गावात कोणाचं नव्हतं, हे तुम्हीसुद्धा नाकारलं नसतं.

त्या शनिवारी मी बाकड्याच्या टोकाला बसलो होतो आणि माझ्याच तोंडावर माझी चर्चा चालू होती. हॉटेलवाला म्हणाला, "भाचा नवा हाये, अजून दोन वर्षानं पाहा त्याले, जिल्हा हालवीन." शिंपीकाका चिडले. "दोन वर्षानं पाहू ना मंग! सामना आता हाये का दोन वर्षानं हाये? वाऱ्यासारखं पळणारं पोट्टं समोर बसलं आणि तुमी पुढची वाट पाहून राह्यले." आमचे वस्ताद कोणाच्याच बाजूनं बोलत नव्हते, कपातला चहा बशीत ओतत बसले होते. त्यांचा शब्द शेवटचा असायचा. त्यांनी तुमच्याकडे पाहिलं. "तुमी सांगा बाप्पा. तुमचंच लेकरू हाये."

तुम्ही मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. मला वाटलं, आता बाप बोलणार. तुम्ही म्हणालात, "माह्या पोट्ट्याले घेऊ नका. तो दम चोरते."

कबड्डीच्या गड्याला याहून वाईट काही बोलता येत नाही. हळू आहे म्हणा, भितो म्हणा, चालतं. एका श्वासात कबड्डी-कबड्डी घोष करत जायचं आणि त्याच श्वासात परतायचं, खेळ म्हणजे तेवढंच तर आहे, आणि तुम्ही चारचौघांत सांगितलंत की तुमचा मुलगा वाटेत श्वास घेतो आणि घेतला नाही असं दाखवतो. शिंपीकाका म्हणाले, "काऊन भाऊ असं बोलता? पंचानं कदी पकडलं नाई त्याले." तुम्ही म्हणालात, "पंच पाय पाह्यते." मी उठलो आणि चालू लागलो. पुढं काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही.

संशय तुमचा स्वभावच होता. दुधाचा थेंब नखावर ठेवून पाहिल्याशिवाय तुम्ही दूध घरात घेत नसायचा. आईनं भाजी महाग आणली की त्याच भाजीवाल्याकडे जाऊन भाव विचारून यायचा. मिलमध्ये मात्र त्याच स्वभावाला मान होता. तेल गाळायच्या घाणीच्या नुसत्या आवाजावरून तुम्ही सांगायचा की सरकी ओली आली आहे, आणि पोतं फोडून पाहिलं की ती ओलीच निघायची. तो कान तुम्ही माझ्यावर लावला असेल, असं मला तेव्हा सुचलंही नाही. मी वेगळाच हिशोब मांडला. सातव्या जागेवर मालकाच्या भाच्याचं नाव लागलं, आणि त्याच आठवड्यात तुमचं काम बदललं. घाणीवरून तुम्हाला फाटकावर बसवलं. सावलीतलं स्टूल, खाकी कोट, येणाऱ्या-जाणाऱ्याचा रामराम. मला वाटलं, बापानं माझी जागा विकली.

सामन्याला मी गेलो नाही. मंडळाची सगळी माणसं बसनं बुलढाण्याला गेली आणि मी घरात भिंतीकडे तोंड करून पडलो. भाचा चांगला खेळला म्हणे. संघ हरला, पण त्याच्यामुळे नाही. तो वाईट खेळला असता तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आपण चुलीपुढे जेवायला बसलो होतो. आईनं ताटात भाकरी वाढली, झुणका वाढला, आणि ती आपल्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं पाहत राहिली. तुम्ही मान खाली घालूनच विचारलंत, "दम चोरत होता का नाई, येवढंच सांग."

"नाई," मी म्हणालो. आणि थांबायला हवं होतं तिथं थांबलो नाही. "तुमीच सांगा, मालकानं खुर्ची देली का नुसतं स्टूल?"

तुम्ही हातातला घास ताटात ठेवला. तांब्यातलं पाणी घेऊन ताटातच हात धुतलात, अर्ध्या भाकरीवर, आणि खाकी कोट घालून निघून गेलात. आई मला एवढंच म्हणाली, "घाणी सुटल्यापासून त्याईले झोप नाई बाबा." मला तेही नाटक वाटलं.

पुढं मला बसवर कंडक्टरची नोकरी लागली आणि मी बुलढाण्याला खोली केली. घरी यायचो ते आईसाठी. तुमच्याशी पाऊसपाणी, तब्येत, एवढंच. तुम्ही शेवटपर्यंत फाटकावर बसलात, आणि तिथंच एका सकाळी स्टुलावरून खाली आलात ते परत उठला नाहीत. मी खांदा दिला, सगळं केलं, पण डोळ्यांत पाणी आलं नाही. तुमच्या कानातल्या भिकबाळीकडे पाहत उभा होतो आणि मनात म्हणत होतो की खरं सांगून जायला काय झालं होतं.

खरं मला कळलं ते मेहकरच्या गाडीत. तुम्हाला जाऊन सात-आठ वर्षं झाली असतील. भाजीवाल्याचा तो मुलगा, आता पोट सुटलेला, हिवरा आश्रमाला निघाला होता. मी तिकीट फाडत त्याच्यापर्यंत आलो आणि त्यानं माझा हातच धरला, तीच पकड. गाडी घाटबोरीच्या पुढं थांबली होती, टायर बदलत होते, तेव्हा आम्ही बाभळीखाली उभे राहून बोललो. तो म्हणाला, "तुह्या बापानं माह्यासाठी घाणीवरची जागा घालवली, माहीत हाये ना तुले?" मला काहीच माहीत नव्हतं.

त्या शनिवारनंतरच्या सकाळी तुम्ही त्याला मिलमागं सरकीच्या ढेपेच्या थप्पीजवळ बोलावलं होतं. त्याच्या पाठीवर हात ठेवून, कान तोंडाशी नेऊन त्याला घोष करायला लावला होता, दम तुटेपर्यंत, तीनदा. मग वस्तादांकडे जाऊन सांगितलं होतं, "माहा पोट्टा नको आणि मालकाचा भाचा बी नको. दोघं बी चोरतेत. हा जड हाये, पण खरा हाये." वस्तादांनी ते मालकाच्या कानावर घातलं. मालकानं भाच्याला जागा मिळवून दिली आणि तुम्हाला घाणीवरून उठवून फाटकावर टाकलं. "घाणी सोडताना रडला होता तुहा बाप," तो म्हणाला. "म्यां पाह्यलं."

माझाही स्वभाव तुमचाच. मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. जुन्या ओळखीचा माणूस, दोन गोड शब्द बोलत असेल. पुढच्या सुटीला खामगावला जाऊन शिंपीकाकांना विचारलं. ते मशीनवर होते, डोळ्यांनी थकलेले. त्यांनी पाय थांबवला नाही. "सगळ्या बाजाराले माहीत होतं. तुले कोण सांगणार? तू तर बापाचं नाव काढलं की दरवाजा लावत होता." तरी मी आणखी दोघांना विचारलं. चौघांचं एकच निघालं तेव्हा मला विचारायला कोणी उरलं नाही.

तर आता माझं ऐका. मी दम चोरत होतो. परतीच्या वळणावर, पाठ पंचाकडे असताना, हनुवटी छातीला लावून अर्धा श्वास. घोष तुटायचा नाही, फक्त एक 'ब' दबला जायचा. पाय एवढे वेगात असायचे की लोक तिथंच पाहत राहायचे. वस्तादांनाही कळलं नव्हतं. एकट्या तुम्हाला तो दबलेला 'ब' ऐकू आला. चुलीपुढं तुम्ही मला एक संधी दिली होतीत, फक्त हो म्हणायची. मी हो म्हणालो असतो तर तुम्ही मला घाणीचं सांगितलं असतंत, असं मला आता वाटतं. खोटं बोलणाऱ्यापुढं स्वतःची सफाई द्यायची तुमची रीत नव्हती.

हा कागद कुठं टाकायचा नाही हे मला माहीत आहे. आताच मुलगा दारातून डोकावून विचारून गेला, काय लिहून राह्यले? पेन्शनचं काहीतरी, असं मी त्याला सांगितलं. त्याच्या लहानपणी मी त्याला माझ्या खेळाची गोष्ट कितीदा तरी सांगितली आहे, आणि त्या गोष्टीत त्याचा आजोबा एका स्टुलासाठी पोराची जागा विकतो. मेहकरच्या त्या दिवसानंतरही मी ती तशीच सांगत राहिलो, बाबा. त्याला खरं अजून सांगितलेलं नाही.