परातीतला घागरा

ताम्रकारांची वस्ती, सिबियूजवळ, रोमानिया

चि. झुर्का यास दाजीचे अनेक आशीर्वाद. स्पेनमध्ये तुझा ट्रक आणि तुझी कंबर दोन्ही धड असतील, असे धरून चालतो.

प्रथम एक गंभीर तक्रार. आपल्या रोमा लोकांच्या जीवनावरचा तो सिनेमा गेल्या आठवड्यात गावात लागला आणि त्यात माझे फक्त कोपर दिसते. सबंध आठवडा मी सिनेमातल्या लग्नाच्या मांडवात ताठ बसलो होतो! स्थालीपुलाकन्यायाने, म्हणजे शितावरून भात तसे कोपरावरून दाजी ओळखावेत, अशी दिग्दर्शकाची अपेक्षा असावी. (कोपर भारदस्त आहे, असे तुझी बहीण म्हणते.)

सिनेमा वाईट नाही. ग्रोफोकाका तांब्याची कढई ठोकतात तो प्रसंग इतका खरा उतरला आहे, की मागच्या रांगेतले म्हातारे खुर्चीवर ठेका धरू लागले. तुझी आई हसते तेव्हा तर पडदा उजळतो. एवढ्यासाठी त्या दिग्दर्शकाला सात खून माफ करावेत. पण त्याने आठवाही केला. आपली मनोऱ्यांची घरे त्याला चालेनात. त्याने गाड्या टेकडीमागे लपवल्या, सगळ्यांचे बूट काढून घेतले आणि भाड्याचा घोडा आणला. घोड्याने काकांची टोपी चावून खाल्ली, तेव्हा काका ओरडले, "अरे, त्याला कुणीतरी सांगा, सिनेमात मी त्याचा मालक आहे!"

इथवर आम्ही हसलो. मग पडद्यावर सासूबाई आल्या. पुढ्यात पीठ मळायची परात आणि परातीत भिजवलेला घागरा. कमरेखालच्या कपड्यांचे पाणी वेगळे, भांड्यांचे वेगळे, तोंडाचे वेगळे (हे सोवळे मी पाठशाळेत नव्हे, सासुरवाडीत शिकलो), आणि इथे सरळ परातीत! झांफिरा आत्या उठून उभीच राहिली. "अगं लुलुद्जा, त्याच परातीतली भाकर खाल्ली की गं आम्ही!"

सासूबाई सांगत राहिल्या, "अगं, नवी परात होती ती, बाजारातून आणलेली! घागराही कोराच, अंगाला न लागलेला. तो म्हणाला, प्लास्टिकचा टब दिसायला बरा नाही, तांबं चकाकतं."

"आम्हाला डोळे आहेत," आत्या म्हणाली.

झुर्का, बाईने शास्त्र काटेकोर पाळले होते. पण कोरेपणा पडद्यावर दिसत नाही, हा त्या कलेचा मोठाच दोष म्हणायचा.

तुझा,
दाजी

ता. क. : कोपराची तक्रार मागे घेतो. ते दिसले नसते तरी चालले असते.

दुसरा ता. क. : सासूबाई बाटल्या की नाही ते ठरवायला रविवारी पंच बसणार; तोवर त्यांच्या हातचे कोणी खात नाही. त्याआधी घरच्या थोरल्या मुलाने चारचौघांत आईच्या हातची भाकर खाल्ली, तर पंचही घास घेतील, असे काका म्हणतात. मी अंगणात बसून दोन खाल्ल्या. "दाजीचं काय, बाहेरचा माणूस, तो काहीही खातो," असा निकाल लागला.

तिसरा ता. क. : इतके दिवस सासूबाई नेहमीएवढ्या भाकरी भाजत, दाराकडे बघत आणि संध्याकाळी कोंबड्यांना घालत. काल त्यांनी पीठच काढले नाही. मला त्याची भीती वाटते. ये.