परवा सकाळचा पेला

प्रिय आई,

तर तुझं म्हणणं असं, की मी चार दिवस बाहेरची हवा खाल्ली आणि तुलाच अक्कल शिकवायला लागलो. बरं, लागलो. पण म्हणून फोन बंद करून कपाटात ठेवायचा? "माझ्या हाताला काय विष आहे का?" एवढं म्हणालीस आणि संपलं. तुझ्या सुनेचा फोन फुटलाय, तुझा बंद, मग मी बोलू कुणाशी? म्हणून हे पत्र. आमचा वेल्डर सुट्टीवर निघालाय, तो उद्या संध्याकाळी दारात येईल. त्याला चहा दे आणि हे तू स्वतः वाच. बोट ठेवून, सावकाश. शेजारच्या शिलाईवालीकडून वाचून घेऊ नकोस, गल्लीभर होईल. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आहेत, पण तुला सवय आहे.

तुझ्या सतापाला मी नावं ठेवली नव्हती. त्याच सतापावर तर वाढलो. सर्दी झाली की पान चुरगळून छातीला, पोट दुखलं की पाला उकळून पोटात. तो उग्र वास आला की मी पलंगाखाली शिरायचो आणि तू पायाला धरून ओढायचीस. घर सोडताना तूच फांदी डब्यात लावून दिलीस. बसमध्ये सगळे नाकं मुरडत होते, तरी मांडीवर धरून आणली. बेकरी सोडली, गॅरेज सोडलं, आता इमारतींना परांच्या बांधतो. खोल्या बदलल्या, तो डबा मात्र बरोबर फिरला. मला भिंगरी म्हणतेस ना, त्या भिंगरीने एवढी एक गोष्ट सांभाळली. पाणी कमी, ऊन भरपूर, शेंडे खुडत राहायचे, सगळं तुझ्याच सांगण्याप्रमाणे. माझ्यापेक्षा तोच जोमात आहे.

गेल्या आठवड्यात डास फार झाले म्हणून पाला हातांना चोळला आणि तसाच उन्हात परांचीवर चढलो. दुसऱ्या दिवशी कोपरापर्यंत फोड, भाजल्यासारखे. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी काय लावलंस म्हणून विचारलं. मी डबाच नेऊन दाखवला. त्यांनी झाड ओळखलं. म्हणाल्या, औषधी आहे खरं, पण लाडाकोडाचं नाही हे, रस लागला की उन्हात जायचं नसतं. मग मलम लावता लावता त्यांनी एक गोष्ट विचारली. मी नाही म्हणालो. खोटं बोललो. बाहेर आलो. पाचव्या मजल्याच्या उंचीवर मी शिट्टी वाजवत चालतो, आई, आणि त्या दवाखान्याच्या दोन पायऱ्या उतरताना मी कठडा धरला. तेव्हापासून वर गेलो की खाली बघवत नाही. मुकादमाने मला खाली क्लॅम्प साफ करायला बसवलंय. पोरं वरून विचारतात, नवरदेव, जमिनीवर तरी चक्कर येत नाही ना?

कारण त्याच्या आधीच सुनेने सांगितलं होतं, की तू तिला रोज सकाळी उपाशीपोटी सतापाचा काढा देतेस. तिला पाळीचं फार दुखतं, महिनाभर घेतलं की दुखणं मुळापासून जाईल, असं तुझं. मायेने करतेस हे तिला कळतं, म्हणून तर तिच्याने नाही म्हणवत नाही. दोनदा तिने पेला मागच्या अंगणातल्या कुंडीत ओतला. सतापाला सतापाचाच काढा. तेव्हा आम्ही दोघं हसलो होतो. आता म्हणे पेला रिकामा होईपर्यंत तू समोर उभी राहतेस.

थंडीत ती दोन दिवस अंथरुणाला खिळली होती, आठवतं? तू पाय चेपलेस, उशाशी बसून राहिलीस. तिने तुला पोट बिघडलंय म्हणून सांगितलं. पोट बिघडलं नव्हतं, आई. नंतर तिने मला शपथ घातली, की पुन्हा कधी तशी बातमी असली तर चौथा महिना सरेपर्यंत कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही. आधी सगळे हसतात, मग त्यांची पडलेली तोंडं आपल्याला बघावी लागतात, म्हणाली. त्या शपथेपायी त्या दिवशी फोनवर मी नुसतं बंद कर, बंद कर म्हणत राहिलो, आणि तुला राग आला.

ती शपथ आज मोडतो. नर्सबाईंनी विचारलं होतं, घरात कुणी गरोदर बाई आहे का, असेल तर याचा थेंब तिच्या पोटात जाऊ देऊ नका. आहे. तिसरा महिना आहे. पाळीचं दुखणं हे तिचं सोंग होतं, तुला संशय येऊ नये म्हणून, आणि त्या खोट्या दुखण्यावर तू खरं औषध दिलंस. मी पुन्हा दवाखान्यात जाऊन खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, आजच्या आज थांबवा आणि डॉक्टरला दाखवा. थंडीतही तू तिला काढा दिला होतास का, ते मी विचारत नाही. तूही मला सांगू नकोस. झाड उपटायचं की नाही ते तू ठरव, माझ्या डब्यातलं माझ्याच्याने अजून उपटलं नाही. मला रजा चार दिवसांनी मिळतेय, तोवर धीर निघत नाही. उद्या सकाळचा पेला मला थांबवता येणार नाही. परवाचा तुझ्या हातात आहे. तिला रागावू नकोस, काही विचारूही नकोस. हात धर आणि डॉक्टरीणबाईंकडे घेऊन जा, लगेच, वेल्डर रिक्षा करून देईल. आणि फोन कपाटातून काढ. मी जागा आहे.

तुझाच,
भिंगरी

रिक्षा, डॉक्टरीणबाई आणि सोनोग्राफी धरून वेल्डरच्या हाती दिलेत : चार हजार दोनशे.