खरा गोल

सोमवार, २ जून
आजपासून नोंदी ठेवणार. घरात काहीतरी मोठं घडणार आहे आणि ते नीट लिहून ठेवणारं दुसरं कोणी नाही.

हकिगत अशी. आमच्या हॉलमध्ये बायको शिशुवर्ग चालवते. तिची मदतनीस ताई बाळंतपणाच्या रजेवर गेली. मी कॉलेजात जन्मभर भूमिती शिकवून रिटायर झालेला माणूस. सध्या माझ्याकडे दोनच खाती: दूध आणणे, आणि वर्ग भरला की आतल्या खोलीत आवाज न करता बसणे. आज हिला म्हटलं, आकारांचा तास मला दे. ही म्हणाली, चौदा तारखेला ओपन डे आहे. पालकांसमोर पोरांनी गोल, चौकोन, त्रिकोण ओळखले आणि काढून दाखवले, तर तास कायमचा तुमचा. नाहीतर आतली खोली.

तीन आकार! हातचा मळ आहे. आतल्या खोलीत आता ट्रंका ठेवा म्हणावं.

मंगळवार, ३ जून
पाया भक्कम हवा. थेट गोलावर उडी मारणार नाही. आज बिंदू.

बिंदूला लांबी नाही, रुंदी नाही, जाडी नाही. फळ्यावर ठिपका काढला आणि बजावलं की हा बिंदू नव्हे, हा खडूचा डाग. पुढच्या रांगेत दोन शेंड्यांची एक मुलगी बसते. नाव लक्षात राहत नाही, मी ठकी म्हणतो. ती म्हणाली, मग बिंदू कुठाय? कॉलेजात इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. म्हटलं, मनात. तिने डोळे घट्ट मिटून शोधला. नाही सापडला म्हणाली.

एकाने चड्डी ओली केली. त्याचा माझ्या शिकवण्याशी संबंध नाही.

गुरुवार, ५ जून
रेषा. ती दोन्ही बाजूंना जातच राहते, कधीही थांबत नाही, हे ऐकून एक पोरगा रडायला लागला. रेषा घरी कधी जाणार, असं विचारत होता. तेवढ्यात मुख्याध्यापिका (म्हणजे बायकोच, वर्गात मी तिला हुद्द्यानेच ओळखतो) आत आल्या आणि रेषा जेवायला घरी येते असं त्याला सांगून मोकळ्या झाल्या. शिक्षणाचा बट्ट्याबोळ होतो तो असा.

पोरं मला आजोबा म्हणतात. ‘सर’ म्हणा, असं सांगितलं. आता ‘सर आजोबा’ म्हणतात. प्रगती आहे.

सोमवार, ९ जून
आज गोल! घरून गोल वस्तू आणा म्हणून सांगितलं होतं. चेंडू आला. नापास: त्याला पोट आहे. बाटलीचं झाकण, कोटाचं बटण, खेळण्यातल्या गाडीचं चाक, सगळ्यांना जाडी. नापास. बिस्किटही नापास केलं, तर आणणाऱ्याने ते तिथल्या तिथे खाऊन पुरावाच नष्ट केला.

ठकीने कागदावर सूर्य काढून आणला होता. पिवळा, भलामोठा, हसरा. मी त्यावर कंपास ठेवून दाखवलं की बाई, तुझा गोल इथे फुगलाय, इथे बसलाय. तिने फुगलेल्या जागेवरून बोट फिरवून पाहिलं. तिला पटलं. शिक्षकाच्या आयुष्यात असे क्षण थोडेच येतात. मग तिने कागदाची घडी घालून तो दप्तरात टाकला. घडी घातल्यावर चौकोन झाला, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. तेही सांगितलं.

बुधवार, ११ जून
वर्ग कमालीचा शांत. मुख्याध्यापिकांची तक्रार: पोरं चित्रकलेच्या तासाला रंगांना हात लावत नाहीत. म्हटलं, याला विचारपूर्वक काम करणं म्हणतात. त्यांनी कपाळावर हात मारला. त्यांचा विषय भूमिती नव्हता, काय बोलणार?

चौकोन आणि त्रिकोण राहिलेत. घाई करणार नाही. गोल पचला की बाकीचे आपोआप येतात.

शनिवार, १४ जून
ओपन डे. हॉल पालकांनी भरलेला. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

हिने लाल पुठ्ठ्याचा गोल उंच धरला आणि विचारलं, हे काय? सगळा वर्ग एका सुरात, “पुठ्ठा!” मी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या कुणी वाजवल्या नाहीत. हिने हसून सांभाळून घेतलं. पुठ्ठा आहे, पण आकार कुठला? वर्ग म्हणाला, “खरा गोल नसतोच!” एका मुलाचे वडील दातांचे डॉक्टर आहेत, ते मोठ्याने हसले.

मग कागद वाटले. खडूला कुणी हात लावेना. ठकीची आई तिच्याजवळ बसली, तुझा सूर्य काढ ना म्हणाली.

“मला येत नाही,” ठकी म्हणाली. “गोल कुणालाच येत नाही.” आणि रडायला लागली.

तिची आई हिला हळूच सांगत होती, घरच्या भिंती सूर्यांनी भरून ठेवायची, आता खडू हातात धरत नाही. मला ऐकू आलं. मी म्हणालो, व्याख्येप्रमाणे मुलीचं बरोबर आहे.

निकाल: आतली खोली. मी हरकत नोंदवली. जो आकार नसतोच, तो ओळखा म्हणणं हीच मुळात परीक्षेतली चूक. मी तसूभरही मागे हटणार नाही.

पण पोरगी रडली ते वाईट झालं. जेवण गेलं नाही.

सोमवार, १६ जून
तास सोडला. मी सोडला, कुणी काढून घेतलेला नाही, हे नोंदवून ठेवतो.

मधल्या सुट्टीत ठकी आतल्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, “तुम्हाला पण येत नाही?”

मला! भर वर्गात फळ्यावर एका झटक्यात गोल काढायचो, मागच्या बाकांवरची मुलंसुद्धा गप्प व्हायची. म्हटलं, बघच आता. खडू घेतला, गुडघे टेकले आणि फरशीवर काढला. बटाटा आला. फरशीला उतार आहे. शिवाय चष्मा हॉलमध्ये राहिला होता.

पुसायला गेलो तर तिने माझा हात धरला. खडू काढून घेतला आणि बटाट्याला दोन डोळे, एक नाक आणि वर तीन केस काढले.

“अगं, हा गोल नाही,” मी म्हणालो.

“माहितीये,” ठकी म्हणाली. “हे तुम्ही आहात.”

मग शेजारी एक छोटा काढला, स्वतःचा. त्याला शेंड्या दिल्या. चांगलाच वाकडा होता. मध्य कुठे धरावा, हेही सांगता येईना. मी काही बोललो नाही. फार जड गेलं.

हिने येऊन फरशी बघितली. पुसू नका म्हणाली, आणि नवीन काम दिलं: उद्यापासून सकाळी दारात उभं राहून पोरांचे बूट जोडीने लावायचे. स्वीकारलं. मात्र त्याआधी, जोडी कशाला म्हणावं, हे पोरांना एकदा नीट समजावून द्यावं लागेल.